धाकू तांडेलाचा डावा खांदा

माणसाचं अंग मी आधी कापडावरून शिकले. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणाचं दुकान आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं. मधल्या दाराला एक फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या आत आईचा स्वयंपाक, बाहेर अण्णांचं मशीन, आरसा आणि मापं द्यायला आलेली माणसं. "छाती अडतीस, पोट चव्वेचाळीस," असं अण्णा खणखणीत आवाजात म्हणायचे आणि वहीत लिहायचे. आत चुलीपाशी पेज ढवळत बसलेली आई हळूच म्हणायची, "वाढलं हो दोन इंच." रत्नागिरीतल्या निम्म्या पुरुषांची पोटं कशी कशी वाढत गेली ते आईला त्यांची तोंडं न बघता ठाऊक होतं. रस्त्यात कुणी नमस्कार केला, तर ती मला बाजूला घेऊन विचारायची, "हे कोण गो? किती कंबर?" मी आकडा सांगितला की तिला लगेच ओळख पटायची.

अण्णांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या अंगात जे काही उणं असेल ते शिंप्याने पोटात ठेवायचं. एकाची छाती आत गेलेली, दुसऱ्याचा एक पाय तोकडा, तिसऱ्याला पाठीला जरासा पोक. अण्णा टेप लावता लावता सगळं बघायचे, तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत, आणि मग कुठे कापसाची गादी, कुठे कॅनव्हासचा दुहेरी थर, कुठे एखादी चोरटी चुणी घालून माणूस सरळ करून टाकायचे. गिऱ्हाइकालासुद्धा सांगायचं नाही. "आरशात तो सरळ दिसला की माझं काम झालं," असं ते म्हणायचे. मला यात काही विशेष वाटत नसे. सगळ्या जगात कपड्यांच्या आत कापूस असतोच, अशी माझी बरीच मोठी होईपर्यंत समजूत होती.

चित्रकलेचं वेड मला कुठून लागलं ते सांगता येत नाही. पण अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाल्यावर मी जाहीर केलं की मला मुंबईच्या कलाशाळेत जायचंय. प्रवेशाच्या परीक्षेत एक पेपर असा होता की समोर जिवंत माणूस बसवणार आणि तो बघून काढायचा. शिवाय बघून काढलेली दहा चित्रं बरोबर न्यायची. मला जास्वंद यायची, कलश यायचा, आंबे तर असे यायचे की शेजारचे वास घेऊन बघायचे. माणूस मात्र मी अण्णांच्या कापड बेतायच्या कागदी नमुन्यासारखा काढायची. दोन्ही खांदे एका रेघेत, दोन्ही हात सारखे, वर एक गोल डोकं. शिवलकर सरांनी माझी वही चाळली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हा माणूस नाही गं नलू. हा हँगर आहे."

शिवलकर सर मुंबईत उभा जन्म चित्रकला शिकवून निवृत्त होऊन रत्नागिरीत परत आले होते आणि दर रविवारी सकाळी बाजारातल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत वर्ग घ्यायचे. गिरणी रविवारीही चालू असायची. पट्टा सुरू झाला की वरची फळ्यांची जमीन, आमचे बोर्ड, सरांचा चष्मा आणि कोपऱ्यातलं पाण्याचं मडकं, सगळं एका सुरात थरथरायला लागायचं. सरळ रेघ अशी त्या खोलीत कधी निघालीच नाही. पुढे मुंबईत आमच्या एका प्राध्यापकांनी माझं चित्र साऱ्या वर्गासमोर धरून सांगितलं होतं, "बघा, रेषेत कसा जिवंत कंप आहे!" आज सत्तरीला टेकल्यावर कबूल करायला हरकत नाही की तो कंप तांदळाच्या पिठाचा होता. ज्वारी दळताना तो आणखी जोरकस यायचा.

वर्गात विद्यार्थी आम्ही दोघंच. मी, आणि देवरूखहून पहाटेची एसटी पकडून येणारे घाग गुरुजी. गुरुजी चाळिशीचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि चतुर्थीच्या आधी दोन महिने गावात गणपती करायचे. वीस वर्षं गणपती करून त्यांच्या हाताला एक वळण पडलं होतं. समोर कुणीही बसवा, गुरुजींच्या कागदावर त्याचं पोट गोल व्हायचं, डोळे कमळासारखे लांबट व्हायचे आणि उजवा हात आपोआप आशीर्वादाला उठायचा. सर मागे येऊन उभे राहिले की गुरुजी खजील होऊन म्हणायचे, "सर, मी थांबवायला बघतो, पण तो येतोच."

पण बसायला माणूस आणायचा कुठून? पहिल्या रविवारी सरांनी गिरणीचे मालक दत्तारामशेठ यांना बसवलं. पिठाने ते नखशिखान्त पांढरे, अगदी मुंबईच्या प्लास्टरच्या पुतळ्यासारखे, म्हणून सर फार खूश होते. पण खाली पट्टा घसरला की तो पुतळा धडाधड जिना उतरून पळायचा आणि परत येताना दुसऱ्याच पायावर पाय टाकून बसायचा. माझ्या त्या चित्रात दत्तारामशेठना तीन गुडघे आहेत. घरी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बसते, पण बांगडे साफ करताकरता. आणि तोंड काढायचं नाही, केस विंचरलेले नाहीत." त्यामुळे माझ्याकडे आईच्या हातांची आणि बांगड्यांची, दोन्ही अर्थांनी बांगड्यांची, पंधरा चित्रं जमली आणि आई एकाही चित्रात नव्हती.

मग एके दिवशी सर भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते तिथून जवळजवळ धावत आले. होडी वर ओढताना त्यांनी धाकू तांडेलाला पाहिलं होतं. धाकू तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या, साठीच्या आसपासचा, काळाभोर, हाडापेराने मजबूत. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, एवढाच त्याचा बारमाही पोशाख. उभ्या रत्नागिरीने त्याला तसाच पाहिलेला आणि कुणालाही त्याचं काही वाटलेलं नाही. सर म्हणाले, "त्याच्या पाठीवरचा एकूण एक स्नायू मोजता येतो. पुस्तक आहे, पुस्तक!" धाकूने यायचं कबूल केलं.

रविवारी जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात धाकू तांडेल उभा राहिला. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खाली धोतर, पायात करकरत्या वहाणा, डोक्यावर टोपी, कानात अत्तराचा फाया. तो कोट मी ओळखला. मुलीच्या लग्नासाठी त्याने आमच्याच दुकानातून शिवून घेतला होता.

सर गडबडले. "तांडेल, हे कशाला घातलंत? असे किनाऱ्यावर असता तसे या की."

"चित्रात उगडा बसू?" धाकू म्हणाला. "माणसं काय म्हणतील?"

"अहो, माणसं तुम्हाला रोज तसंच बघतात."

"तवा मी कामात असतंय. बसलेला नसतंय." आणि माझ्याकडे बोट दाखवून तो आणखी लाजला. "शिवाय ही शिंपी मास्तरांची पोर हाय हितं."

मी त्याला लहानपणापासून लंगोटीवर पाहत आले होते, पण ते बोलून काही उपयोग नव्हता. धाकू कोटासकट स्टुलावर बसला. हात गुडघ्यांवर, नजर समोर, श्वास रोखलेला. घाग गुरुजींनी त्याला लगेच सोंडेची जागा आखली.

एप्रिलचा महिना, वर पत्रे, खाली गिरणी. आढीत घातलेल्या आंब्यांसारखे आम्ही चौघं तिथे पिकत होतो. अर्ध्या तासाने सरांनी चहा मागवला. आता, कोळशाने काढलेलं चित्र खोडायला आम्ही मऊ पाव वापरायचो. रबराने कागद काळा होतो, पावाने कोळसा उचलला जातो. माझ्या बोर्डाशेजारी दोन ताजे पाव ठेवलेले होते. चहा आला तसा धाकूने हात लांब केला, दोन्ही पाव उचलले, चहात बुडवून निवांत खाल्ले आणि म्हणाला, "पावाला जरा माती लागलीय, पण चालंल."

चहा पोटात गेल्यावर मात्र त्याला घामाच्या धारा लागल्या. थोडा वेळ त्याने सोसलं. मग एकदम उठला, "आता मराण येईल," म्हणाला आणि टोपी, कोट, आतला सदरा सगळं काढून खुंटीला टांगलं. पुन्हा स्टुलावर बसला तेव्हा तो आमचा रोजचा धाकू तांडेल होता. खांदे सैलावले, मान मोकळी झाली, श्वास सुरू झाला. सर टाळी वाजवायचे तेवढे राहिले. "काढा, काढा!" एवढंच ते म्हणत होते.

मी भराभर काढत गेले. छाती, बरगड्या, दंड, आणि सवयीने खांद्यांची एक सरळ आडवी रेघ. सर मागे येऊन थांबले. एक पेन्सिल त्यांनी मला आडवी धरायला लावली आणि एक डोळा मिटून तिच्यावरून बघ म्हणाले. मी बघितलं. धाकूचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. इतका उघड खाली, की आतापर्यंत दिसला कसा नाही याचंच मला नवल वाटलं. पण खोडायचं कशाने? पाव धाकूच्या पोटात. म्हणून पहिली रेघ तशीच ठेवून तिच्याखाली मी खरा खांदा काढला, आणि त्या खऱ्या खांद्यावरून पुढचा सगळा माणूस असा सरसरत उतरला की मी स्वतःच हबकले. माझ्या हातून निघालेला तो पहिला जिवंत माणूस. सर नुसते माझ्या डोक्यावर टपली मारून गेले, आणि त्यांच्या हाताचं पीठ माझ्या केसांत दिवसभर राहिलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी चित्र घरात उलगडलं. आईने आधी विचारलं, "खाली काय होतं त्याच्या?"

"धोतर."

"मग ठीक आहे. एरवी तेवढंसुद्धा नसतं," असं म्हणून ती आंबोशी वाळत घालायला गेली.

अण्णा मात्र चित्राकडे बघतच राहिले. माणूस उघडा आहे याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांचं बोट डाव्या खांद्यावर होतं. "दोन बोटं," ते पुटपुटले. "मी पावणेदोन धरली होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नलू, हे कोणाला दाखवायचं नाही. त्याच्या डाव्या खांद्यात मी मूठभर कापूस घातलाय. त्याला माहीत नाही. आणि यापुढे त्या वर्गाला जायचं नाही."

"अण्णा, परीक्षा महिन्यावर आलीय. दहा चित्रं न्यायची आहेत."

"आंबे काढ. तुझे आंबे चांगले असतात."

मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही. म्हणजे रात्रीचा पिठी-भात जेवले नाही. तळलेली तारली आईने पडद्याआडून आणून दिली ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अण्णा बटणं आणायला बाजारात गेले असताना धाकू तांडेल दुकानात आला आणि "माजा फोटू द्या, देवांच्या बाजूला लावतंय," म्हणाला. आईला अण्णांच्या हुकमाची कल्पना होती. पण दारात आलेल्या माणसाला त्याच्याच तोंडाचं चित्र नाही म्हणणं तिला बरं दिसेना. तिने दिलं. वर हातात दोन घावणेही ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकू परत आला तो एकटा नव्हता. हातात चित्र, खांद्यावर कोट, आणि मागे त्याच्या बोटीवरचे सात-आठ खलाशी. दुकानात त्या वेळी अडतीस-चव्वेचाळीसवाले वकील नव्या कोटाची फिटिंग द्यायला उभे होते, एका बाहीत हात आणि दुसरी बाही नुसती टाचलेली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आई माझ्या मागून बघत होती.

"मास्तर," धाकूने चित्र आरशावर टेकवलं, "ह्या तुमच्या पोरीनं माजा खांदा पाडलान."

अण्णांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"बायको म्हणते, बरोबर हाय. भाव म्हणतो, बरोबर हाय. अख्खी जेटी म्हणते, धाकू वाकडा हाय. मग मी हा कोट घालून आरशात बगितला." त्याने कोट अंगात चढवला. खांदे एका रेघेत, जसे अण्णांनी शिवले होते तसे. "हा बगा, सरळ! मग पोर खोटी का आरसा खोटा?"

वकिलांनी टाचण्या सांभाळत मध्यस्थी केली. "अहो मास्तर, मुलगी लहान आहे. चुकली म्हणा आणि मिटवून टाका."

किती सोपं होतं! चुकली, एवढा एक शब्द. धाकू समाधानाने घरी गेला असता, अण्णांचा कापूस कोटात राहिला असता, आणि मी आयुष्यभर आंबे काढत बसले असते. अण्णांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग टेबलावरची कातर उचलली.

"तांडेल, कोट द्या."

कोट उलटा करून त्यांनी डाव्या खांद्याचं अस्तर कराकरा उसवलं आणि आत हात घालून कापूस बाहेर काढला. तो निघतच राहिला. मूठभर म्हणाले होते, पण टेबलावर चांगली मांजर बसल्यासारखा ढीग झाला. मग तोच कोट त्यांनी धाकूच्या अंगावर चढवला. डावा खांदा झपकन खाली बसला, बाही बोटांवर आली.

"पोरीने बरोबर काढलंय," अण्णा म्हणाले. "खोटं मी केलं होतं."

 धाकूने आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खांदा वर-खाली करून बघितला. मग हळूच म्हणाला, "ही रश्शीची बाजू. जाळं ह्याच खांद्यानं वडतंय मी. बापूस मेला तवापासनं." आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. मागे वळून तो खलाशांवर ओरडला, "बगितलंत काय रे? दोन बोटं! हाय कुणाचा एवडा?"

यावर जे सुरू झालं ते आमच्या दुकानाने आधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही. खलाशांनी सदरे काढले. आठ उघडी माणसं आरशासमोर रेटारेटी करत कुणाचा खांदा जास्त पडलाय ते मोजायला लागली, कारण ज्याचा जास्त खाली त्याने जाळं जास्त ओढलं हे उघडच होतं. अण्णांचा टेप हातोहात फिरू लागला. एक जण मुद्दाम खांदा पाडतोय म्हणून दुसऱ्याने त्याला खाली बसवलं. धाकूचा मेव्हणा अर्ध्या बोटाने जिंकतोय असं दिसताच धाकूने माप पुन्हा घ्यायला लावलं. या गोंधळात वकील अण्णांच्या कानाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, माझ्या कोटात... काही?"

"छे छे साहेब, तुमच्यात काही नाही," अण्णा म्हणाले, आणि पडद्यामागे आईला एवढा जोराचा ठसका लागला की वकील एक बाही तशीच लोंबत ठेवून घरी गेले.

जाताना धाकूने कोट पुन्हा टेबलावर ठेवला. "मास्तर, कापूस परत घाला. पुतण्याचं लगीन हाय. बोटीवर आपला मी वाकडा, मांडवात सरळ."

पुढचे आठ दिवस अण्णांच्या जिवाला घोर होता. त्यांना वाटलं, आता कोण येणार आपल्याकडे शिवायला? पण झालं उलटंच. जो तो येऊन आधी विचारायचा, "मास्तर, खरं सांगा, माझ्यात काय घातलंय?" आणि ते ऐकून झालं की, "मग थोडं आणखी घाला." वर्गाचं तर विचारूच नका. मी पुन्हा जायला लागले, अण्णांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रविवारी गिरणीच्या जिन्यावर चित्राला बसायला खलाशांची रांग लागायची, आणि दळण घेऊन आलेल्या बायका कोण कोण बसलाय ते बघायला वर यायच्या. दत्तारामशेठ वैतागून म्हणाले, "सर, वर गिऱ्हाईक जास्त झालंय, खाली गिरणी तुम्ही चालवा." घाग गुरुजींच्या हातूनही अखेर एक माणूस निघाला, बिनसोंडेचा, दोन हातांचा. त्या चतुर्थीला मात्र त्यांच्या गावातल्या सगळ्या गणपतींचा डावा खांदा उतरता होता.

नऊ चित्रं झाली. दहावं राहिलं आणि मुंबईला जायला दोन दिवस उरले. सर तापाने आडवे झाले होते, बोटी समुद्रात होत्या. संध्याकाळी अण्णा दुकान आवरून बनियनवर आले, मशीनपुढच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी चालेन का?"

मी बोर्ड घेतला. अठरा वर्षं मी या माणसाच्या समोर वावरत होते आणि मला त्यांचं अंग ठाऊक नव्हतं. पाठ वाकून मानेखाली एक उंचवटा झाला होता. मशीनचं पायडल मारून उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती. कातरीच्या अंगठ्याला घट्टा होता. मी थांबले तसे ते न हलता म्हणाले, "काढ. जसं आहे तसं काढ." त्यांनी पाऊण तासात एकदाही मान हलवली नाही. मला वाटतं, आयुष्यात तेवढा वेळ ते रिकाम्या हातांनी तेव्हाच बसले.

झाल्यावर चित्र त्यांनी लांब धरलं, मग जवळ घेतलं. धंद्यातल्या नजरेने, वरून खाली. "ह्याला शर्ट शिवायचा," ते म्हणाले, "तर मागून दीड इंच जास्त सोडायला हवं. नाहीतर पाठीत धरणार." मग पाठीमागे हात नेऊन, "तरीच."

अण्णा जन्मभर लोकांनी न नेलेले शर्ट घालत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणी माप देऊन मुंबईला गेला, कुणाचं लग्न मोडलं, ते शर्ट वर्षभर वाट बघून अण्णा स्वतः वापरायचे. सगळे पाठीत धरायचे.

मला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा टेबलावर निळ्या पट्ट्यांचं नवं कापड पसरलेलं होतं. अण्णा आरशासमोर ताठ उभे राहिले, टेप माझ्या हातात दिला आणि आई पडद्याआडून वही घेऊन आली. त्यांचं माप मी घेतलं.